आधी अनामत ठेवा, मग धुराडं उभारा

भोपाळचा विषारी कचरा चाळीस वर्षांनी नष्ट झाला, अशा बातम्या जून 2025 संपता संपता सगळीकडे झळकल्या. नष्ट झाला तो गोदामात पोत्यांत भरून ठेवलेला 337 टन कचरा. युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात आणि भोवतीच्या मातीत मुरलेलं विष जिथल्या तिथे आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेसोबत 2010 मध्ये अभ्यास केला, तेव्हा दूषित मातीचा अंदाज दिला होता 11 लाख टन. त्या 11 लाखांच्या शेजारी हे 337 टन ठेवून बघा. दहा हजारांत तीन, एवढाच हिशेब निघतो.

हा मथळा मला खुपतो, कारण अशा मथळ्याने फायली बंद होतात. मंत्र्याला सांगता येतं की काम झालं. सचिवाची बदली होते. वाचक पान उलटतो. आणि भोपाळच्या उत्तर भागातल्या वस्त्यांत जमिनीखालचं पाणी आपल्या गतीने पुढे सरकत राहतं.

2 डिसेंबर 1984 ची रात्र सगळ्यांना ठाऊक आहे. ई-610 क्रमांकाच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला. मृतांचा सरकारी आकडा पाच हजारांच्या पुढचा आहे आणि पीडितांच्या संघटना त्याच्या कितीतरी पट सांगतात. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्या रात्रीच्या पंधरा वर्षं आधीपासून तिथे काय चाललं होतं, याबद्दल फार कमी लिहिलं गेलं.

कारखाना 1969 चा. ‘सेव्हिन’ हे कीटकनाशक हा त्याचा मुख्य माल. तो बनवताना उरलेला गाळ, बिघडलेले लॉट, रिअॅक्टरच्या तळाशी चिकटलेले डांबरासारखे अवशेष हे सगळं आवारातल्याच खड्ड्यांत टाकलं जायचं. असे खड्डे एकदोन नव्हते, वीसएक होते. 1977 मध्ये कारखान्याच्या उत्तरेला बाष्पीभवनाचे मोठे तलाव खोदले. दूषित पाणी त्यांत सोडायचं, ऊन पाणी उडवून नेईल, गाळ खाली राहील, अशी कल्पना. खाली प्लास्टिकचं अस्तर अंथरलं होतं. ते गळतंय याची नोंद 1982 मध्ये कंपनीच्याच कागदपत्रांत आहे. म्हणजे वायू गळायच्या दोन वर्षं आधी तलाव गळत होते, आणि मालकाला ते माहीत होतं.

1989 मध्ये कंपनीने आवारातल्या माती-पाण्याचे नमुने तपासले. त्या नमुन्यांत सोडलेले मासे मेले. हे कागद लोकांसमोर आले ते कितीतरी वर्षांनी, अमेरिकेतल्या न्यायालयात खटला चालला तेव्हा. मधल्या काळात त्या भागातली माणसं तेच पाणी पीत होती. 1999 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेने नमुने घेऊन अहवाल काढला आणि पारा, क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं अशी नावं पहिल्यांदा मोठ्याने उच्चारली गेली.

नवाब कॉलनी, अन्नू नगर, शिवशक्ती नगर, ब्लू मून कॉलनी, अटल अय्यूब नगर ही त्या वस्त्यांची नावं. तिथल्या हापशांना सरकारी यंत्रणेने लाल रंग फासला. पाणी पिण्यालायक नाही, ही त्या रंगाची खूण. दुसरं पाणी मात्र पुरेसं दिलं नाही. मग बाई काय करणार? ती कळशी घेऊन त्याच लाल हापशावर उभी राहिली, वास येतो हे कळत असूनही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये या वस्त्यांना स्वच्छ पाणी द्या असा आदेश दिला. नळ घरापर्यंत यायला त्यानंतरही वर्षं लागली. भोपाळमध्ये आज पीडितांचे दोन वर्ग आहेत. एक गॅसपीडित, दुसरे पाणीपीडित. अनेक घरांत दोन्ही. पाणीपीडितांना भरपाईच्या कुठल्याच यादीत जागा नाही, कारण 1989 मध्ये 47 कोटी डॉलरची तडजोड झाली ती वायूच्या नुकसानीसाठी. पाण्याचं नाव तेव्हा कुणी काढलंच नव्हतं.

विष वाढत गेलं तसे त्याचे मालक बदलत गेले, आणि खरी गोम इथेच आहे.

1994 मध्ये अमेरिकन युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतला आपला हिस्सा विकला. घेणारी कंपनी कोलकात्याची, मॅक्लिऑड रसेल. नाव बदलून झालं एव्हरेडी इंडस्ट्रीज इंडिया. 1998 मध्ये कारखान्याची जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत आली. भाडेपट्ट्याची जमीन, पोटात विष घेऊन. 2001 मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली. आता प्रत्येकाचं उत्तर तयार आहे. युनियन कार्बाइड म्हणते, आम्ही 1994 लाच बाहेर पडलो, जमीन आता राज्याची आहे. डाऊ म्हणते, आम्ही तो कारखाना कधी चालवलाच नाही, त्याचे मालकही नव्हतो. राज्य सरकार म्हणतं, पैसे केंद्राने द्यावेत. 2005 मध्ये केंद्राच्या रसायन मंत्रालयाने न्यायालयात अर्ज केला की साफसफाईसाठी डाऊने 100 कोटी रुपये आगाऊ भरावेत. ते 100 कोटी आलेच नाहीत.

याच डाऊने 2002 मध्ये, युनियन कार्बाइड ताब्यात घेतल्याच्या दुसऱ्याच वर्षी, अमेरिकेतल्या अॅसबेस्टॉसच्या दाव्यांसाठी 2.2 अब्ज डॉलर बाजूला काढून ठेवले होते. ते दावे युनियन कार्बाइडच्या जुन्या कारभारातून आले होते. टेक्सासमधल्या कामगाराचं फुप्फुस डाऊच्या हिशेबवहीत बसतं आणि अन्नू नगरच्या बाईची किडनी बसत नाही, याला मी कायद्याची गुंतागुंत म्हणणार नाही. हा भेदभाव आहे. डाऊचं मुख्यालय मिशिगन राज्यातल्या मिडलंड गावात आहे. तिथल्या टिटाबावासी नदीत कंपनीच्या कारखान्यातून गेलेलं डायॉक्सिन कंपनीला अमेरिकी पर्यावरण यंत्रणेच्या देखरेखीखाली साफ करावं लागलं. जुन्या काळी केलेली घाण आजच्या मालकाकडून काढून घेणारा कायदा तिथे 1980 पासून आहे.

भारत सरकारने जादा भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयात जो शेवटचा अर्ज केला होता, तो मार्च 2023 मध्ये घटनापीठाने फेटाळला. तडजोड झाली ती झाली, पुन्हा उघडणार नाही, असा त्याचा अर्थ. अमेरिकेतल्या न्यायालयांनी त्याआधीच पाणीपीडितांचे दावे काढून टाकले होते. तिथलं म्हणणं असं की कारखाना भारतीय कंपनीने चालवला, अमेरिकन मूळ कंपनीला त्यासाठी धरता येत नाही.

आता त्या 337 टनांकडे वळतो, कारण त्यांची कहाणी आपल्या नागपूरपर्यंत येऊन गेली आहे.

2004 मध्ये आलोक प्रताप सिंह यांनी आवारातला कचरा हटवावा म्हणून जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. आवारात इतस्ततः पडलेला कचरा 2005 मध्ये गोळा करून कारखान्यातल्याच गोदामात ठेवला. मग तो जाळायचा कुठे यावर वर्षानुवर्षं काथ्याकूट झाला. गुजरातमधल्या अंकलेश्वरची भट्टी ठरली. गुजरातने आधी हो म्हटलं, मग नाही म्हटलं. 2011 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या बोरखेडीचं नाव आलं, संरक्षण संशोधन संस्थेची भट्टी तिथे आहे. विदर्भातून विरोध उठला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, महाराष्ट्र सरकारने नकार दिला. 2012 मध्ये जर्मनीच्या ‘जीआयझेड’ या सरकारी संस्थेने हा कचरा विमानाने हॅम्बुर्गला न्यायची तयारी दाखवली. केंद्राने 25 कोटी मंजूरही केले. जर्मन जनतेत चुळबूज सुरू झाली आणि तीही संस्था मागे फिरली.

गुजरात नाही म्हणू शकला. महाराष्ट्र नाही म्हणू शकला. जर्मनी नाही म्हणू शकली. शेवटी कचरा गेला तो मध्य प्रदेशातल्याच धार जिल्ह्यातल्या पीथमपूरच्या भट्टीत. पीथमपूरने नाही म्हटलं नव्हतं असं नाही. पीथमपूरचं नाही कुणी ऐकलं नाही. नागपूरकरांनी तेव्हा विरोध केला तो बरोबर होता की चूक, यावर वाद घालता येईल. माझ्या मते प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क शंभर टक्के बरोबर होता. म्हणूनच तोच हक्क पीथमपूरच्या भट्टीजवळच्या तारपुरा गावालाही होता, असं महाराष्ट्रातून कुणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं. आपल्या दारातून कचरा परत गेला म्हणून सुटकेचा नि:श्वास सोडून आपण गप्प बसलो.

3 डिसेंबर 2024 ला, दुर्घटनेला चाळीस वर्षं पूर्ण होतानाच, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सरकारला खडसावलं आणि चार आठवड्यांची मुदत दिली. मग यंत्रणा हलली. कचरा भरायला शंभरेक माणसं लावली होती. ती अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळ्यांत काम करायची, पायापासून डोक्यापर्यंत संरक्षक पोशाखात. अर्धा तास झाला की बाहेर, विश्रांती, पुढची तुकडी आत. भोवतीचा दोनशे मीटरचा परिसर बंद केला होता. कचरा खास पिशव्यांत आणि पिशव्या गळतीरोधक कंटेनरांत. 1 जानेवारी 2025 च्या रात्री बारा कंटेनर निघाले. पुढे-मागे पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन दल. अडीचशे किलोमीटरचा रस्ता त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता.

या बंदोबस्ताला माझी हरकत नाही, तो असाच हवा. पण विचार करा. जो माल भरायला प्रशिक्षित माणसाला अर्ध्या तासापलीकडे उभं करत नाहीत, त्याच्या कुंपणाच्या भिंतीला लागून माणसांची घरं चाळीस वर्षं आहेत. भिंत जागोजागी पडली होती. पोरं आत क्रिकेट खेळत, बकऱ्या चरत. त्यांच्यासाठी पोशाख नव्हता, पाळी नव्हती, दोनशे मीटरचं अंतरही नव्हतं. सरकारला धोका ठाऊक होता की नव्हता, या प्रश्नाचं उत्तर त्या अर्ध्या तासाच्या पाळीत मिळतं.

पीथमपुरात 3 जानेवारीला बंद झाला. दोन आंदोलक स्वतःला पेटवून घेण्याच्या प्रयत्नात भाजले. सरकारने न्यायालयाकडे वेळ मागितला. शहाण्या माणसांनी लगेच निकाल दिला की लोक अडाणी आहेत, अफवांना बळी पडतात. या शहाणपणाची मला चीड येते. पीथमपूर ही औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या लोकांना धुराडं म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. 2015 मध्ये याच भट्टीत याच कचऱ्यातले दहा टन चाचणी म्हणून जाळले होते. त्याचे आकडे तारपुऱ्याच्या चावडीवर बसून कुणी समजावून सांगितले होते? तिथून जवळच्या इंदूरने तर पाण्याची चिंता उघड बोलून दाखवली, कारण त्या बाजूची गंभीर नदी यशवंतसागर भरते आणि यशवंतसागरचं पाणी इंदूर पितं. होळकरांच्या या शहरात मराठी घरं पिढ्यान्पिढ्या आहेत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली. डॉक्टरांना कुणी अडाणी म्हटलं नाही.

फेब्रुवारीअखेर चाचण्या सुरू झाल्या. दहा-दहा टनांच्या तीन. पहिल्या वेळी ताशी 135 किलो, मग 180, मग 270. उत्सर्जन मर्यादेत आहे, असं प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितलं. उरलेले 307 टन मे आणि जूनमध्ये जळाले. खर्चासाठी मंजूर रक्कम होती 126 कोटी रुपये. टनामागे 37 लाख. याच दराने 11 लाख टनांचं काय होईल, ते मनातच करून बघा. अर्थात माती पोत्यातल्या कचऱ्यासारखी जाळत नाहीत, तिच्यावर वेगळे उपचार असतात, दरही वेगळा असतो. पण पैशांचा डोंगर लागणार, यात शंका नाही, आणि तो डोंगर कुणाच्या खिशातून उभा राहणार हे आजही ठरलेलं नाही. 126 कोटी मात्र करदात्याच्या खिशातून गेले. डाऊचा त्यात एक रुपयाही नाही.

गोदामातला माल उचलायलाच हवा होता, हे मी मानतो. पत्र्याच्या छताखाली, फाटत चाललेल्या पिशव्यांत आणखी दहा वर्षं ठेवण्यापेक्षा चांगल्या भट्टीत, नीट देखरेखीखाली जाळणं बरं. मात्र जाळणं म्हणजे नाहीसं करणं, हा गैरसमज आहे. उच्च तापमानाला सेंद्रिय रसायनांचे रेणू तुटतात. क्लोरीन असेल तर त्यातून डायॉक्सिन तयार होऊ शकतं, म्हणून तापमान आणि धुराची छाननी यांवर डोळ्यात तेल घालून नजर ठेवावी लागते. धातू तर जळतच नाहीत. पारा वाफ होऊन धुरात जातो, तिथून गाळणीत पकडला गेला तर ठीक. शिसं आणि क्रोमियम राखेत उतरतात. जाळताना आणि धूर धुताना चुना मिसळावा लागतो. त्यामुळे 337 टन जाळून उरले ते आठशे टनांहून जास्त राख आणि अवशेष. म्हणजे गोदामात होतं त्याच्या दुपटीहून जास्त वजन आता पीथमपूरकडे आहे. ती राख अस्तर घातलेल्या खड्ड्यात पुरायची, अशी योजना.

अस्तर घातलेला खड्डा. 1977 मध्येही अस्तर होतं. आजचं तंत्र पुष्कळ पुढचं आहे, दोन-दोन थर असतात, खाली झिरपलेलं पाणी गोळा करायची नळी असते, निरीक्षणाच्या विहिरी असतात. हे सगळं चालतं, जोवर कुणीतरी दर महिन्याला जाऊन त्या विहिरीचं पाणी तपासतं तोवर. तीस वर्षांनी कोण तपासणार? हे काम ज्या खासगी कंपनीकडे आहे, ती तेव्हा असेल का? असली तर याच नावाने असेल का?

आपल्या देशात याहून वेगळं घडू शकतं, याचा पुरावा आहे. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना. अमेरिकेतून उचलून 1983 मध्ये तमिळनाडूच्या डोंगरावर आणलेला, पुढे मुंबईत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान लिव्हरच्या ताब्यात आलेला. 2001 मध्ये तिथल्या एका भंगारवाल्याच्या वाड्यात पारा लागलेल्या काचेचा ढीग लोकांना सापडला. कामगार आणि कार्यकर्ते पेटून उठले, कारखाना बंद झाला, आणि 2003 मध्ये पारामिश्रित 290 टन कचरा जहाजाने अमेरिकेला परत गेला, तिथल्या पारा वेगळा काढणाऱ्या कारखान्यात. मातीच्या साफसफाईचा वाद त्यापुढेही कितीतरी वर्षं चालला, ती कहाणी गोड नाही. पण जहाज गेलं. जिथून आलं तिथे पाठवता येतं, हे त्या 290 टनांनी दाखवून दिलं. भोपाळच्या संघटना हीच मागणी वर्षानुवर्षं करत होत्या, आमचा कचरा अमेरिकेला पाठवा. ती हास्यास्पद ठरवली गेली. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या भोपाळच्या दोन बायकांना 2004 मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला, तो या लढ्यासाठी. जगाने पुरस्कार दिला आणि आपल्या सरकारने कंटेनर पीथमपूरला वळवले.

भोपाळ एकटं नाही. तमिळनाडूत राणीपेटला एक क्रोमियमचा कारखाना 1995 च्या सुमारास बंद पडला आणि दोन लाख टनांहून जास्त कचरा मागे ठेवून गेला. कानपूरजवळच्या रानियात क्रोमियमने भूजल पिवळं केलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबी देशात अशा 103 दूषित जागा आहेत. त्यांपैकी सातच ठिकाणी उपाययोजनेचं काम सुरू झालं होतं. 103 हा आकडाही मला अपुरा वाटतो. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या एमआयडीसीत फेरी मारा. गंजलेलं फाटक, न्यायालयाची नोटीस, बँकेचा ताबा, आणि मागच्या शेडमध्ये लेबल उडालेले ड्रम. त्यात काय आहे हे रखवालदाराला माहीत नसतं, बँकेला माहीत करून घ्यायचं नसतं, आणि नव्या मालकाला भूखंड मोकळा हवा असतो. मग एका रात्री टँकर येतो आणि ओढ्याला फेस येतो.

केंद्राने जुलै 2025 मध्ये दूषित जागांसाठी नियम काढले. उशिरा का होईना, काढले, हे चांगलं झालं. संशयास्पद जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, राज्य मंडळाने ठरावीक दिवसांत तपासायची, दूषित ठरली की तिथे काय करता येईल यावर बंधनं घालायची, जबाबदार कोण ते शोधून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा. जबाबदार सापडला नाही किंवा त्याच्याकडे पैसे नसले, तर सरकारने करायचं. कागदावर सगळं आहे, एक गोष्ट सोडून. जागा दूषित ठरल्यावर ती पूर्ण साफ कधीपर्यंत करायची, याची मुदत नाही. भोपाळने चाळीस वर्षं हेच तर भोगलं. तपासणी झाली, समित्या झाल्या, अहवाल झाले. तारीख नव्हती.

आणि वसुली. पक्षी उडाल्यावर वसुली कुणाकडून करणार? भोपाळमध्ये नाव बदललं, मालक बदलला, देश बदलला. राणीपेटमध्ये कंपनीच बुडाली. दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीचे लिलावात पैसे आले की सगळ्यात आधी बँकेचा हात पुढे येतो. मातीचा आणि पाण्याचा नंबर त्या रांगेत लागतच नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. पैसे आधी घ्या. पुण्या-मुंबईत खोली भाड्याने घ्यायची तर पोराला तीन महिन्यांची अनामत भरावी लागते, भिंतीला खिळा ठोकला तर त्यातून कापून घेतात. शेकडो टन विषारी रसायन साठवणाऱ्या कारखान्याकडून आपण काय घेतो? एक अर्ज, एक शुल्क आणि एक हमीपत्र. कोळसा खाणीला खाण बंद झाल्यानंतरच्या कामासाठी दरवर्षी वेगळ्या खात्यात पैसे भरावे लागतात, जे कंपनीला मनाप्रमाणे काढता येत नाहीत. मग घातक रसायनांच्या कारखान्याला का नको? संमतीपत्राचं नूतनीकरण होताना त्या खात्यात भर पडली पाहिजे. साठा वाढला की रक्कम वाढली पाहिजे. आणि कारखाना विकला, नाव बदललं, परदेशी कंपनीने घेतला, तरी ते खातं जमिनीला चिकटलेलं राहिलं पाहिजे. उद्योजक म्हणतील, खर्च वाढतो, गुंतवणूक शेजारच्या राज्यात जाईल. तो खर्च आजही होतोच. फक्त तो अटल अय्यूब नगरची माणसं भरतात, आणि ती गुंतवणूक परिषदेला बोलावलेली नसतात.

भोपाळच्या आवारात आता स्मारक उभारायची चर्चा आहे. स्मारक जरूर व्हावं. पण आधी माती आणि भूजल यांचं नवं, पूर्ण सर्वेक्षण व्हावं. 2010 च्या अहवालानंतर पंधरा पावसाळे जमिनीत मुरले आहेत. लखनौच्या विषविज्ञान संस्थेला 2018 मध्ये 42 वस्त्यांच्या पाण्यात दूषण सापडलं होतं, आधीच्या यादीत इतक्या वस्त्या नव्हत्या. विष कुठवर पोहोचलं हे न मोजता वर काँक्रीट ओतलं, तर खालचं मोजायला पुन्हा कुणी जाणार नाही.

आणि आपल्याकडे महाड, रोहा, लोटे, पाताळगंगा, कुरकुंभ, जिथे जिथे रासायनिक कारखाना येतोय किंवा विस्तार मागतोय, तिथल्या लोकांनी एक काम करावं. पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्ष असतात, महिनाभर आधी नोटीस निघते. मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीच्या आतल्या प्रकल्पांना यातून सूट आहे, तीही काढून टाकायला हवी, आमदाराला ते सांगा. सुनावणी असेल तिथे मात्र मंडपात नोकऱ्या किती, रस्ता कसा, मंदिराला देणगी किती, एवढंच विचारून परत येऊ नका. उठून विचारा : कारखाना बंद पडला तर आत उरलेलं रसायन कोण उचलणार, कुठे नेणार, त्याचे पैसे आज कुठल्या खात्यात ठेवले आहेत आणि त्या खात्यावर सही कुणाची आहे. सुनावणी संपताना उपस्थित झालेले मुद्दे मराठीत वाचून दाखवायचे असतात, तसा नियम आहे. ते वाचताना तुमचा प्रश्न त्यात आला का ते नीट ऐका. आला नसेल तर तिथेच लेखी हरकत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय मंडपातून हलू नका.